जकात संस्थेकडे का द्यायची? बैतुलमालच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आमच्या जमातीचं, म्हणजे गावच्या मुस्लिम समाजाचं, बैतुलमाल आहे. बैतुलमाल म्हणजे जकात (इस्लाममधलं सक्तीचं दान) आणि सदका (ऐच्छिक दान) यांची गावाची सामायिक तिजोरी. मशिदीच्या आवारातली एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि दोन रजिस्टरं, एवढाच पसारा. चौदा वर्षं मी तिथे पावत्या फाडतो. देणारे प्रश्न विचारतात, न देणारे त्याहून जास्त विचारतात, आणि गावातले हिंदू शेजारीही आपुलकीने विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

जकात, फितरा, सदका, वक्फ यांत फरक काय?

जकात फर्ज आहे, म्हणजे ऐपत असलेल्याला टाळता येत नाही. ऐपतीची रेघ, म्हणजे निसाब, साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. हे तोळे जुने, 11.66 ग्रॅमचे. आजच्या सराफाचा 10 ग्रॅमचा तोळा धरला की हिशेब चुकतो आणि दरवर्षी कुणाचा तरी चुकतोच. ग्रॅममध्ये सोनं 87.48 आणि चांदी 612.36. एवढी किंवा जास्त शिल्लक एक चांद्रवर्ष हातात राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. लाखाला अडीच हजार.

फितरा रमजान ईदच्या नमाजाआधी द्यायचा, घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यामुळे आमच्याकडे तांदूळच देतात. घाटावरची हनफी मंडळी रोख रक्कमही देतात. सदका ऐच्छिक, कधीही, कितीही. वक्फ म्हणजे जमीन, विहीर, दुकान यांसारखी मूळ वस्तू राखून तिचं उत्पन्न कायमचं दानात लावणं.

हा फरक लक्षात असलेला बरा, कारण देण्यामागचं कारणही त्यानुसार बदलतं. जकात घेऊन येणाऱ्याच्या चेहऱ्यावर देणं फेडल्याचा सुटकारा असतो. सदका घेऊन येणारा बहुतेक वेळा दवाखान्यातून घरी परतलेला असतो, किंवा त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं.

धर्म असं सांगतो का की संस्थेतूनच द्या?

नाही. पण संस्थेची कल्पना धर्माला परकीही नाही.

कुराणात सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन (म्हणजे गरीब आणि गरजू), कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी, गुलामीतून सुटू पाहणारे वगैरे. त्यात तिसरे आहेत ‘आमिल’, म्हणजे जकात गोळा करून वाटणारे. जो दान वसूल करतो त्याच्या मेहनतान्याची तरतूद मूळ आयतीतच आहे, याचा अर्थ वसुली आणि वाटपाची व्यवस्था गृहीत धरलेली आहे. त्याच सूरहच्या 103व्या आयतीत पैगंबरांना लोकांच्या मालातून दान ‘घ्या’ असा आदेश आहे. मुआज या आपल्या सहकाऱ्याला येमेनला पाठवताना पैगंबरांनी सांगितलं होतं की तिथल्या श्रीमंतांकडून घ्या आणि तिथल्याच गरिबांना द्या. पहिले खलिफा अबू बक्र यांनी तर जकात अडवणाऱ्या टोळ्यांशी युद्ध केलं.

पुढे खलिफा उस्मान यांच्या काळापासून एक वाट वेगळी झाली. दिसणारी संपत्ती, म्हणजे गुरंढोरं आणि पिकं, तिची जकात सरकारने घ्यायची. न दिसणारी, म्हणजे सोनं-नाणं आणि रोकड, तिची जकात ज्याची त्याने इमानाने द्यायची. माणसाच्या घरात शिरून त्याची पेटी उघडायची नाही, हा त्यामागचा विचार. आज आपली जवळपास सगळी संपत्ती त्या न दिसणाऱ्या वर्गात मोडते. भारतात सरकार जकात गोळा करत नाही. त्यामुळे हाताने द्या, कुणाला प्रतिनिधी नेमून द्या किंवा संस्थेकडे द्या, फर्ज अदा होतो, फक्त पैसा हकदाराच्या हातात पोचला पाहिजे. सगळं अडतं ते या ‘पोचला पाहिजे’वर.

मग लोक स्वतःच्या हाताने द्यायचं सोडून संस्थेकडे का येतात?

याचं उत्तर मला एका फाटकापाशी मिळालं.

आमच्या गावात एका चाचांचा बंगला आहे. हयात मस्कतला गेली, दिलाने मोठे. दर रमजानला सत्ताविसाव्या रोज्याला ते फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर नोट ठेवायचे. सकाळपासून रांग लागायची. एकदा मी तिथून जात होतो तेव्हा रांगेत मला शाळेत शिकवणाऱ्या बाईंची सून उभी होती. नवरा वर्षापूर्वी गेलेला, दोन पोरं. मला पाहिलं आणि तिने ओढणी तोंडावरून ओढून घेतली. मी मान खाली घालून निघून आलो. पुढच्या वर्षी चाचा स्वतः आमच्या टेबलापाशी आले, रक्कम ठेवली आणि म्हणाले, ‘मला यांचे चेहरे बघवत नाहीत रे. तुम्ही रात्रीचं पोचवा.’

तेव्हापासून आम्ही इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर जातो. एकच माणूस, गाडी लांब लावून. रजिस्टरात घराचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. नंबर कुणाचा हे दोघांनाच ठाऊक.

दानाचे उपकार बोलून दाखवू नका, मन दुखवू नका, तसं केलंत तर दान वाया गेलं, असं कुराणाने सूरह बकराच्या 264व्या आयतीत बजावलं आहे. देणाऱ्याने तोंडातून शब्द काढला नाही तरी समोरासमोरच्या देण्यात घेणाऱ्याची मान वाकतेच. मधे संस्था आली की कुणी दिलं हे घेणाऱ्याला कळत नाही आणि कुणाला गेलं हे देणाऱ्याला कळत नाही. माझ्या अनुभवात संस्थेकडे वळण्याचं सगळ्यात खोल कारण हे आहे, आणि लोक ते सहसा बोलून दाखवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ‘वेळ नाही हो, तुम्हीच वाटा.’

दुसरं कारण जिवाचं आहे. 2008च्या सप्टेंबरात इंडोनेशियातल्या पासुरुआन गावी एका श्रीमंताच्या घरासमोर जकात घ्यायला जमलेल्या गर्दीत 21 बाया चेंगरून मेल्या. 2023च्या रमजानमध्ये येमेनची राजधानी सना इथे अशाच वाटपात 75हून जास्त माणसं गेली. देणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणणार नाही. पण नोटेसाठी माणसं तुडवली जातात तेव्हा वाटपाची पद्धत बदलायलाच हवी.

तिसरं कारण रकमेचं. पाचशे-पाचशे रुपये चाळीस जणांना दिले तर चाळीस घरांत ईदचा शीरखुर्मा होतो, आणि तेही मोलाचंच आहे. पण तेच वीस हजार एकत्र राहिले तर एका मुलीची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी निघते, किंवा एका शिलाई मशीनवर घर उभं राहतं. एकट्या माणसाच्या जकातीत हे क्वचितच बसतं.

गुप्त दान श्रेष्ठ ना? मग पावती कशाला?

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण, आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. कुराण उघड दानालाही चांगलं म्हणतं, गरिबाला गुपचूप देण्याला अधिक चांगलं म्हणतं. पावती ही हिशेबाची वस्तू आहे, मिरवण्याची नाही. नाव नको असेल तर आम्ही ‘अल्लाहचा बंदा’ असं लिहितो. आमच्या रजिस्टरात या नावाचे बरेच दाते आहेत.

उघड देण्यानेही काही वेळा भलं होतं. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर इमामसाहेबांनी एखाद्या पोराच्या ऑपरेशनसाठी एलान केला आणि पुढच्या ओळीतून पहिला हात खिशात गेला, की मागच्या ओळींतले हातही जातात. त्यात थोडी लाज असते, थोडी चढाओढ असते. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण भिंतीवर मोठ्या दात्यांची नावं रकमेसकट रंगवू नयेत, या मतावर मी ठाम आहे. शंभर रुपये देणारी मोलकरीण ती भिंत वाचते आणि पुढच्या वेळी टेबलापाशी यायला बिचकते.

लोक संस्थेवर भरवसा कशावरून ठेवतात?

खरं सांगायचं तर आधी माणसावर ठेवतात. टेबलापाशी कोण बसतं, त्याच्या स्वतःच्या घरचं कसं चाललंय, तो कुणाचं घेऊन बसलाय का, हे गाव बघत असतं. नोंदणी, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं हे सगळं लागतंच, महाराष्ट्रात 1950च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली ते सक्तीचंही आहे. पण ते विचारणारा दाता शहरातला. गावचा दाता विचारतो, ‘गेल्या वर्षीचे वाटले का?’

आमच्याच हातून एकदा चूक झाली. शिष्यवृत्तीसाठी आलेली जकात अर्ज नीट तपासायच्या नादात सात महिने कपाटात पडून राहिली. पैसा कुणी खाल्ला नव्हता, एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण जकात विनाकारण थांबवून ठेवायची नसते, आणि ज्या पोराला जूनमध्ये फी भरायची होती त्याला जानेवारीत चेक देऊन काय उपयोग? त्याने कॉलेज सोडून चिपळूणला मोबाइलच्या दुकानात काम धरलं होतं. दोन मोठे दाते तुटले. त्यातले एक तीन वर्षांनी परत आले, दुसरे नाही आले. त्या पोराचा चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो.

तेव्हापासून मशिदीच्या पायऱ्यांशेजारी फळा आहे. महिन्याला किती आले, किती गेले, कशासाठी गेले. घेणाऱ्यांची नावं नाहीत, फक्त ‘औषध’, ‘फी’, ‘घरभाडं’, ‘रेशन’. बाकी शिल्लक लाल खडूने. लाल आकडा मोठा दिसला की लोक थांबून विचारतात, आणि त्यांनी विचारलं पाहिजे.

संस्था जकातीतून स्वतःचा खर्च काढते का?

आमिलचा हिस्सा आयतीत आहे हे वर आलं. बऱ्याच ठिकाणी आठातला एक हिस्सा ही वरची मर्यादा मानतात. पण भारतात खाजगी संस्थेच्या कार्यकर्त्याला आमिल म्हणावं का, यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत, कारण आमिल हा सत्तेने नेमलेला असायचा. आम्ही वादात पडलो नाही. पावती पुस्तकं, प्रवास, लाइटबिल यांसाठी सदक्याचं वेगळं खातं आहे. ‘माझी जकात पूर्णच्या पूर्ण जाते ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येणं फार मोलाचं असतं.

आखातात आणि परदेशात असलेले लोक गावच्या जमातीकडेच का पाठवतात?

कारण ते इथे नाहीत. कोकणातल्या मुसलमानांची निम्मी कहाणी या एका वाक्यात येते. आधी बोटीवर, मग मुंबईच्या गोदीत, मग कुवेत, दुबई, दोहा, काही जण दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडात. कोण विधवा झाली, कुणाचं छप्पर उडालं, हे त्यांना कळणार कसं? जमात त्यांच्यासाठी डोळे आणि हात दोन्ही आहे.

त्यात गावाची ओढही मिसळलेली असते. दोहाहून फोन करणारा आधी विचारतो, ‘पऱ्याला (ओढ्याला) पाणी किती आलंय?’ मग आंब्याचं. जकातीचा विषय शेवटी निघतो. रक्कम पाठवून तो गावाशी आपलं नाव जोडून ठेवतो. शाफई मतात जकात जिथली तिथे वाटण्यावर भर आहे, त्यामुळे बाहेर कमावलेल्याची जकात गावी पाठवण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या, एवढं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आयकरात सवलत मिळते म्हणून देतात का?

आमच्याकडे तरी नाही. देणगीवरची ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि एकाच धर्माच्या समाजासाठी असलेल्या संस्थेला ती मिळणं अवघड. मोठ्या शैक्षणिक आणि आरोग्य संस्था सगळ्यांसाठी खुल्या असतात, त्यांच्या दात्यांना ती उपयोगी पडते. मलेशियात भरलेली जकात थेट आयकरातूनच वजा होते, तिथे गोष्ट वेगळी.

सरकारने सक्तीने कापून घेतली तर जास्त जमणार नाही का?

पाकिस्तानने हे करून पाहिलं. झिया उल हक यांच्या राजवटीत 1980 साली जकात-उश्र (उश्र म्हणजे पिकांवरची जकात) अध्यादेश आला आणि रमजानच्या पहिल्या दिवशी बँकेच्या बचत खात्यातून अडीच टक्के आपोआप कापले जाऊ लागले. शिया समाजाने जोरदार विरोध केला आणि त्यांना सूट द्यावी लागली. बाकीच्यांतलेही पुष्कळ जण रमजान लागायच्या आधी पैसे काढून घेऊ लागले. ही माणसं कंजूष नव्हती, त्यातले अनेक काढलेल्या पैशांतून स्वतःच्या हाताने जकात द्यायचे. फर्ज मान्य, पण मधला हात मान्य नाही. मला हे उदाहरण फार बोलकं वाटतं. जकातीत नियत लागते, आणि आपोआप कापलेल्या पैशात नियत कुठे शोधायची?

इंडोनेशियात उलट दिसतं. सरकारी जकात मंडळ आहेच, पण 1993 साली एका दैनिकाच्या पत्रकारांनी सुरू केलेली दोम्पेत दुआफा ही संस्थाही तितक्याच जोमाने चालते. लोकांना निवड आहे.

नातेवाईक गरीब असताना संस्थेला द्यावं का?

आधी नातेवाईक. भाऊ, बहीण, मावशी, चुलता यांपैकी कुणी हकदार असेल तर त्यांना देण्यात दुहेरी सवाब, म्हणजे पुण्य, आहे, दानाचा आणि नातं जपल्याचा. फक्त आईवडील आणि स्वतःची मुलं यांना जकात चालत नाही, त्यांचा सांभाळ तुमचं कर्तव्यच आहे. टेबलापाशी आलेल्याला आम्ही हे आधी सांगतो. पुष्कळ जण मग अर्धी रक्कम परत घेऊन जातात. काही जण मात्र म्हणतात, ‘बहिणीला माझ्या हातून घ्यायला जड जाईल. तुम्ही द्या, माझं नाव काढू नका.’ अशी पाकिटं आम्ही पोचवतो.

बायका देतात का? की घरातला पुरुषच देतो?

सोनं बाईच्या नावाचं, तर जकातही बाईचीच. आमच्याकडे एक खाला दर शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, सराफाकडून वजनाची चिठ्ठी घेऊन येतात. शाफई मताने नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफी मताने आहे. मी त्यांना एकदा म्हटलं, ‘खाला, वापरातल्या बांगड्या वजा करा.’ त्या म्हणाल्या, ‘वापरात कुठल्या बाबा, लग्नानंतर किती वेळा घातल्यात! कपाटात पडल्यात, म्हणजे साठवणच झाली.’ चिठ्ठीवर पेन्सिलने आकडेमोड करून त्यांनी रुमालाची गाठ सोडली. संस्थेकडे का देता, हे विचारल्यावर उत्तर सरळ होतं: घरी देणं-घेणं झालं की सुना बघतात, मग चर्चा होते. इथे दिलं की विषय संपला.

मदरशांनाच इतकं का जातं? कॉलेजच्या मुलांना का नाही?

रमजानात लांबलांबचे सफीर, म्हणजे मदरशांचे वसुली करणारे, पावती पुस्तक घेऊन गावोगाव फिरतात. तिथे राहणारी मुलं गरीब असतात, त्यांचं जेवणखाण जकातीतून चालतं आणि दीनचं इल्म, म्हणजे धर्माचं ज्ञान, टिकतं, अशी दात्याची भावना असते. ती खरी आहे, तिचा मान राखावा. पण मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या 2006च्या सच्चर समितीने दाखवलं की शाळेच्या वयातली साधारण चार टक्केच मुस्लिम मुलं मदरशांत जातात. बाकीची शाळेत असतात, किंवा शाळेतून गळालेली असतात. त्यांच्या दारात सफीर येत नाही.

याची जाण आजची नाही. बदरुद्दीन तैयबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली ती शाळांसाठीच. गेल्या काही वर्षांत आमच्याकडेही तरुण दाते पावतीवर ‘फी’ असं लिहून घेतात. वडील मदरशाला देतात, मुलगा फीला देतो, दोघं एकाच स्कूटरवरून येतात.

‘मेल्यावरही सवाब चालू राहतो’ असं म्हणतात, त्याचा संबंध काय?

माणूस गेला की त्याचे अमल, म्हणजे कर्मं, थांबतात, तीन सोडून: जारी राहणारं दान, इतरांना उपयोगी पडणारं ज्ञान, आणि दुआ करणारी नेक संतती. ‘सदका-ए-जारिया’ या दोन शब्दांनी जितके खिसे उघडतात तितके कशानेच उघडत नाहीत. आणि हे दान संस्थेशिवाय होणं कठीण, कारण विहीर खणणारा जातो तेव्हा तिचा गाळ काढणारा कुणीतरी मागे असावा लागतो. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की बघून या. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर जातं फिरायचं आणि मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी पीठ निघायचं. राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालयही त्याच आवारात आहे.

मुसलमान नसलेल्यांना मदत मिळते का?

जकातीबद्दल बहुसंख्य उलेमांचं मत ती मुस्लिम हकदारांसाठी असं आहे. सदक्याला अशी अट नाही. 2020च्या रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने 36 लाख रुपये जमवून इंदिरा गांधी सामान्य रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला, तो सगळ्यांसाठी. 22 जुलै 2021ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या गावची पोरं फावडी घेऊन गेली, खर्च सदक्याच्या खात्यातून. ज्या घरातून चिखल काढला त्यातल्या एका आजींनी त्यांना ओल्या माचिशीच्या काड्या वाळवून, चूल पेटवून चहा करून पाजला.

जकात कधी आणि कशी आणून द्यावी?

रमजानपर्यंत थांबायला हवं असं नाही. तुमचं वर्ष ज्या चांद्रतारखेला पुरं होतं ती तारीख धरा. आम्ही रोज असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजानंतर मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) असतो. येताना सोन्याच्या वजनाची चिठ्ठी, बँकेचं पासबुक आणि लोकांकडून येणं-देणं असेल त्याचा कागद आणा. बेरीज आपण बसून करू.